बाळ झोपलं असेल तर उठवू नका: पालकत्वाच्या अभ्यासाचं समन्वयन कसं करावं

दहाची वेळ दिली होती. आई बरोबर दहाला दारात हजर, आणि सात महिन्यांचं बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. कॅमेरे लावून झाले होते, खेळणी पुसून मांडली होती, साडेअकराला पुढचं कुटुंब यायचं होतं. माझ्या सहायकाने हळूच विचारलं, "ताई, उठवायचं का?" आईही म्हणाली, "उठवा हो, काही होत नाही." मी नको म्हटलं. खोलीतले दिवे कमी केले, आईला बाळासकट आरामखुर्चीत बसवलं आणि तिच्या प्रश्नावल्या आधी उरकून घेतल्या. चाळीस मिनिटांनी बाळ जागं झालं, दूध प्यायलं, आईच्या मांडीवरून बराच वेळ खोली न्याहाळत बसलं. मग आम्ही चित्रीकरण केलं. तोवर पुढच्या कुटुंबाला फोन करून अर्धा तास उशिरा यायला सांगितलं होतं.

बाळाला उठवलं असतं तरी चित्रीकरण झालंच असतं. फक्त त्यात झोपमोड मोजली गेली असती, आणि आम्ही ती आई-बाळाच्या नात्याच्या रकान्यात लिहिली असती.

विद्यापीठातल्या पालकत्व आणि बालविकासावरच्या अभ्यासांची समन्वयक म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. संशोधनाचा प्रश्न प्राध्यापकांचा असतो, विश्लेषण संख्याशास्त्र जाणणाऱ्यांचं असतं, पण फोन उचलतो आपण, दार उघडतो आपण, आणि बाळ रडायला लागलं की आई बघते आपल्याकडे. हे काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: कुटुंबाने आपल्याला दिलेला वेळ आणि टाकलेला विश्वास जपा. डेटा चांगला येतो तो त्यातूनच.

एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी

एथिक्स कमिटी म्हणजे अभ्यास नैतिकदृष्ट्या योग्य आहे का ते तपासून मंजुरी देणारी समिती. तिच्याकडचा अर्ज लिहायला बसण्याआधी अख्खी भेट स्वतः एकदा जगून बघा. प्रत्येक प्रश्नावली हातात पेन घेऊन, खऱ्या वेगाने भरा. मग एखाद्या मैत्रिणीला तिच्या मुलासकट बोलावून तिच्याकडून भरून घ्या. आमच्या एका अभ्यासात कागदावर पंचवीस मिनिटं धरलेला प्रश्नसंच मांडीवर मूल घेऊन भरायला पन्नास मिनिटं लागत होती. शेवटच्या दोन पानांवरच्या खुणा एका सरळ रेषेत येत होत्या, म्हणजे माणूस वाचतच नव्हतं. ती दोन पानं आम्ही काढली. हे आधी कळलं म्हणून बरं. मंजुरी मिळाल्यावर एक प्रश्न बदलायचा तरी कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि तोवर काम अडून राहतं.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेतून आणली असेल तर भाषांतर एकाने करावं आणि त्यावरून मूळ भाषेत उलट भाषांतर दुसऱ्याने, मूळ न बघता. दोन्ही समोरासमोर ठेवले की कुठे अर्थ निसटला ते लगेच दिसतं. 'शिस्त लावणं' हा शब्द एका घरात समजावून सांगणं असतो, दुसऱ्या घरात ओरडणं. तिथे शब्द बदलून नेमकी कृती विचारा.

कमिटीच्या प्रश्नांना अडथळा समजू नका. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांबद्दलचे १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल एकदा शांतपणे वाचाच. व्यक्तीचा मान, तिचं भलं आणि न्याय ही बेलमाँटची तीन तत्त्वं आमच्या कामात अगदी रोजच्या प्रसंगांत समोर येतात. मूल कायद्याने संमती देऊ शकत नाही. परवानगी पालक देतात. पण बोलत्या मुलाला त्याच्या भाषेत विचारायचं, आणि ते 'नको' म्हणालं तर तिथे थांबायचं. न बोलणारं बाळसुद्धा सांगतं: तोंड फिरवतं, पाठ कमानीसारखी ताणतं, रडतं. केव्हा थांबायचं आणि थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे अर्जातच लिहून ठेवा. बाळाची आईशी असलेली जवळीक बघण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बसवलेल्या 'अनोळखी परिस्थिती' या पद्धतीत आठ टप्पे असतात आणि आई खोलीबाहेर जाते ते टप्पे साधारण तीन मिनिटांचे. बाळ फारच कासावीस झालं तर ते लवकर आवरायचे, ही मुभा पद्धतीतच दिलेली आहे. एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या 'स्थिर चेहरा' प्रयोगातही आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवायचा असतो. तो टप्पा बाळाइतकाच आईलाही जड जातो. आईला आधी स्पष्ट सांगा: "तुम्हाला नको वाटलं तर मान वळवून माझ्याकडे बघा, मी लगेच थांबवते." आणि ती बघेल तेव्हा खरंच लगेच थांबवा. आणखी दहा सेकंद मिळतील म्हणून थांबू नका.

संमतीपत्रातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळी चौकट ठेवा: चित्रीकरण करणं, ते कोडिंगसाठी (चित्रफीत बघून वागणं नोंदवण्यासाठी) वापरणं, नव्या कोडरच्या प्रशिक्षणासाठी दाखवणं, परिषदेत दाखवणं, पुढच्या अभ्यासासाठी संपर्क करणं. सुरुवातीच्या एका अभ्यासात आम्ही या सगळ्यांसाठी मिळून एकच सही घेतली होती आणि मजकूर फक्त कोडिंगपुरता होता. पुढे प्रशिक्षणासाठी चित्रफिती हव्या झाल्या तेव्हा घरोघरी पुन्हा फोन करावे लागले. अर्धे नंबर बदललेले. ज्यांच्याशी बोलणं झालं नाही त्यांच्या फिती बाजूला ठेवल्या, आणि नेमक्या त्याच सर्वांत चांगल्या होत्या.

भेट संपण्याआधी बघायचा एक आकडा

या भागावर मी सगळ्यात जास्त जोर देते, आणि नव्या सहायकाला पहिल्याच दिवशी शिकवते.

पालकत्वाच्या बहुतेक अभ्यासांत आईच्या मनःस्थितीची एखादी प्रश्नावली असते. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घेणारी, १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिनबरा प्रश्नावली खूप ठिकाणी वापरतात: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. गठ्ठ्यात ठेवून महिन्याने संगणकावर भरायचा हा कागद नाही. आई खोलीत असतानाच दहाव्या प्रश्नाचं उत्तर बघायचं आणि गुणांची बेरीजही तिथेच करायची.

एकदा एका आईने दहाव्या प्रश्नाला 'कधी कधी' वर खूण केली होती. बाकी सगळी भेट हसतखेळत झालेली. मी सहायकाला बाळाजवळ बसवलं आणि तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेले. म्हटलं, "तुम्ही इथे एक खूण केलीत, त्याबद्दल बोलूया का?" तिने आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुम्ही वाचाल असं वाटलं नव्हतं." ठरलेल्या पद्धतीप्रमाणे मी आमच्या टीममधल्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला, त्या पंधरा मिनिटांत आल्या. आई घरी गेली तेव्हा तिच्यासोबत कोण आहे हे आम्हाला माहीत होतं, पुढची भेट ठरली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

हे जमलं कारण कागद तयार होता: कोणत्या उत्तरावर काय करायचं, कोणाला फोन, ते उचलत नसतील तर कोणाला, आईला एकटं सोडायचं नाही, आणि काय झालं ते कुठे नोंदवायचं. असा कागद पहिलं कुटुंब येण्याआधी भिंतीवर असला पाहिजे. तज्ज्ञ उपलब्ध नसतील त्या दिवशी भेटी ठेवू नका.

मुलाच्या सुरक्षिततेबद्दल शंका आली तर काय करायचं हेही त्याच कागदावर हवं. तुमच्याकडचा कायदा कोणाला कळवणं बंधनकारक करतो ते विद्यापीठाच्या कायदा विभागाकडून लेखी घ्या, आणि गोपनीयतेला ही मर्यादा आहे हे संमतीपत्रात साध्या वाक्यात लिहा. पालकांना ते आधी कळलंच पाहिजे.

आणखी एक. विकासाच्या चाळणी (स्क्रीनिंग) चाचणीवरून निदान होत नसतं. पालक दारात उभं राहून विचारतातच, "सगळं नॉर्मल आहे ना?" 'हो' म्हणण्याचा मोह आवरा. आपल्याला तो अधिकार नाही, आणि उद्या काही निघालं तर तुमचं 'हो' ऐकून त्यांनी डॉक्टरांकडे जाणं लांबवलेलं असतं. चाचणीत ठरलेल्या रेषेखाली गुण आले तर काय सांगायचं, कोण सांगणार आणि कुठे पाठवणार, हे आधी ठरवा.

पहिला फोन

पहिल्या फोनवर आपण कुटुंब निवडत असतो तसं कुटुंबही आपल्याला जोखत असतं. 'पालकत्व' हा शब्द ऐकला की माणसं सावरून बसतात. आपली परीक्षा आहे असं वाटतं. म्हणून मी म्हणते, "मुलं कशी वाढतात हे आम्हाला समजून घ्यायचंय. तुमच्या घरी जे होतं तेच बघायचंय." आणि किती वेळ लागेल तो खरा सांगते. दोन तास लागणार असतील तर दोन तासच म्हणा. दीड म्हणालात तर दुसऱ्या भेटीला ते कुटुंब येणार नाही.

मग बाळ केव्हा झोपतं, केव्हा दूध पितं, सोबत मोठं भावंड येणार का, हे विचारून वेळ ठरवा. भावंडासाठी एक माणूस आणि एक वेगळी खोली ठेवा. आमच्या वेळापत्रकात दोन भेटींमध्ये पाऊण तास रिकामा असतो. प्राध्यापकांना तो वाया गेलेला वाटायचा. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग त्या पाऊण तासामुळेच निभावला.

वय मोजताना डोळ्यांत तेल घालून बघा. बाळ आठ आठवडे आधी जन्मलं असेल तर जन्मतारखेने सहा महिन्यांचं बाळ विकासाच्या हिशेबात साधारण चार महिन्यांचं धरायचं असतं. ही वजाबाकी सहसा दोन वर्षांपर्यंत करतात. तुमचा अभ्यास कोणतं वय धरतो ते एकदा लिहून ठेवा आणि फोनच्या कागदावर "अपेक्षित तारीख कोणती होती?" हा प्रश्न घाला. नाही तर अगदी ठीक वाढणारं मूल मागे पडलेलं दिसतं.

आणि वडिलांना विसरू नका. आमच्या तक्त्यात कित्येक वर्षं 'आईचा नंबर' असा एकच रकाना होता. वडिलांचा सहभाग कमी येतो म्हणून बैठकीत चर्चा चालायची, आणि आम्ही त्यांना फोनच करत नव्हतो! आता दोन रकाने आहेत, 'पालक १' आणि 'पालक २', आणि संध्याकाळच्या व सुट्टीच्या दिवशीच्या वेळा आहेत. आजी-आजोबा किंवा आणखी कोणी मूल सांभाळत असेल तर तेही विचारा. दिवसभर मुलाजवळ असणारं माणूस अभ्यासात दिसलंच नाही तर आपण पालकत्व कोणाचं मोजतो आहोत?

भेटीचा दिवस

सूचना प्रत्येक कुटुंबाला त्याच शब्दांत द्यायच्या, कागद बघून, वर्षभर रोज. पाठ झाल्या म्हणून कागद सोडला की दोन महिन्यांत वाक्यं बदललेली असतात. "नेहमीसारखं खेळा" आणि "छान खेळा" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चित्रीकरण चालू असताना 'वा', 'छान' म्हणू नका. मानही डोलवू नका. कौतुक केलं की पालक तेच पुन्हा करतात. पण मग शांत बसलेल्या अनोळखी माणसासमोर त्यांना अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधीच सांगा: "मी मधे काही बोलणार नाही, ते सगळ्यांच्याच वेळी तसं असतं." खेळ संपल्यावर जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो, "बरोबर केलं ना मी?" माझं उत्तर ठरलेलं आहे: "इथे बरोबर-चूक काही नसतं. तुम्ही दोघं आलात, आम्हाला हवं ते मिळालं." तेवढ्याने खांदे सैल पडलेले दिसतात.

लाळेतून कॉर्टिसॉल मोजणार असाल तर घड्याळ पाळा. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. एका बाळाचा नमुना सकाळी नऊला आणि दुसऱ्याचा दुपारी चारला घेतला तर फरक ताणाचा की वेळेचा हे कोणी सांगू शकणार नाही. बाळ किती वाजता उठलं, किती वाजता दूध प्यायलं, हेही नळीच्या नोंदीत लिहा. दुधाचा अंश नमुन्यात आला तर तो बिघडू शकतो.

कुटुंब गेल्यावर लगेच, खेळणी आवरण्याआधी, दोन्ही कॅमेऱ्यांची फीत उघडून दहा सेकंद ऐका. बघण्याइतकंच ऐकणं महत्त्वाचं. माइकचं बटण बंद राहून एका आठवड्याच्या सगळ्या फिती आम्ही मुक्या केल्या होत्या. नंतर फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी साठवा. फाइलच्या नावात फक्त क्रमांक, भेट आणि तारीख. मुलाचं नाव नाही, आडनावाचं पहिलं अक्षरही नाही. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या जागी, कुलपात किंवा पासवर्डखाली, आणि ती उघडण्याचा अधिकार दोघांपेक्षा जास्त जणांना नको.

कोडर

इथे थोडक्यात सांगते. चित्रफिती बघून वागणं नोंदवणाऱ्यांना कुटुंब कोणत्या गटातलं आहे ते कळता कामा नये. दोन कोडर एकमेकांशी किती जुळतात ते नुसत्या टक्क्यांत मोजू नका, योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा 'कप्पा' (kappa) हा संख्याशास्त्रीय निर्देशांक वापरा. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये दिला. आम्ही दर पाच फितींतली एक दोघांकडून करून घेतो, तीही सगळ्या एकदम न घेता वर्षभर विखरून, कारण सुरुवातीला जुळणारे डोळे हळूहळू आपापल्या वाटेने जातात. आणि कोडरची विचारपूस करा. दिवसभर रडणारी बाळं बघणं सोपं नाही. आमच्याकडे सलग दोन तासांपेक्षा जास्त कोडिंग कोणी करत नाही.

कुटुंब परत यावं म्हणून

न्यूझीलंडमधल्या डनेडिन अभ्यासाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या टीमला देते. १९७२-७३ मध्ये जन्मलेली १०३७ मुलं, ओटागो विद्यापीठाचा अभ्यास. ती मुलं ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्या ९९७ जणांपैकी ९३८ जण पुन्हा आले. जगभर पांगलेल्या माणसांना तिकीट काढून परत बोलावलं जातं. आपल्याकडे तेवढा पैसा नसेल, पण त्यामागची वृत्ती उचलता येते.

गळती सगळीकडून सारखी होत नाही, म्हणून तिची काळजी करायची. घर बदलावं लागलेली, नोकरी गेलेली, घरात आजारपण असलेली, एकट्याने मूल वाढवणारी कुटुंबं आधी सुटतात. ती गेली की उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष सुस्थितीतल्या घरांचा होतो, आणि आपण तो सगळ्या मुलांचा म्हणून छापतो. म्हणून तीनदा फोन उचलला नाही की नाव खोडण्याची सवय मला मान्य नाही. वेळ बदलून फोन करा, संदेश पाठवा, घरी येऊ का विचारा, अर्धीच भेट चालेल म्हणा. मात्र 'आता नको' असं स्पष्ट सांगितलं तर आभार मानून थांबा. कारण विचारून भंडावू नका.

पहिल्याच भेटीत अशा दोन माणसांचे नंबर मागा, ज्यांना कुटुंब कुठे हललं तरी पत्ता माहीत असेल, आणि त्यांना फोन करायची परवानगी लेखी घ्या. मुलाच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवा. भेट अर्धवट राहिली तरी प्रवासखर्च पूर्ण द्या, आणि कुटुंब निघण्याआधी हातात द्या. मागच्या भेटीत आईने काय सांगितलं होतं, आजी आजारी होती, मूल घाबरत होतं की बिनधास्त होतं, हे नोंदवहीत एका ओळीत लिहून ठेवा आणि पुढचा फोन करण्याआधी वाचा. "आजी कशा आहेत आता?" एवढं विचारलं की बोलणं पुढे सरकतं.

शेवटची भेट झाली की समन्वयकाचं काम संपलं असं समजून आपण पुढच्या अभ्यासाकडे वळतो. कुटुंबांना मात्र एकच पान हवं असतं: आम्ही काय विचारलं, काय दिसलं, काय अजून कळलं नाही. शोधनिबंध छापून येईपर्यंत वाट बघू नका. विश्लेषण पक्कं झालं की प्राध्यापकांच्या मागे लागून ते पान लिहून घ्या, शेजारपाजारच्या कोणाला तरी वाचायला द्या, अडेल तो शब्द बदला आणि मध्येच सोडून गेलेल्यांनाही पाठवा, त्यांनी नको म्हटलं नसेल तर. पत्राच्या खाली फोन नंबर द्या. पत्र गेल्यावरचे दोन आठवडे तो नंबर माझ्याच टेबलावर असतो, कारण त्या दिवसांत फोन येतात आणि बऱ्याच जणांना फक्त आपलं मूल आता किती मोठं झालंय ते सांगायचं असतं.